घरून काम बंद करू नका, कारकुनाला सरकारी यंत्र द्या

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं आहे की सरकारी कर्मचाऱ्यांना घरून काम करायची मुभा यापुढे कधीच देऊ नये, कारण जनतेची माहिती त्यांच्या घरात सुरक्षित राहत नाही. पत्र मी दोनदा वाचलं. त्यांची भीती खरी आहे. माझ्या हातून तसं घडलेलं आहे. पण त्यांनी सुचवलेला उपाय मला मान्य नाही, आणि का नाही हे सांगायचं तर आधी माझी चूक सांगायला हवी.

मी एका जिल्हास्तरीय कार्यालयाच्या आस्थापना शाखेत होते. १९९१ मध्ये कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि मे २०२३ मध्ये कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. आस्थापना म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. मुख्य कार्यालय आणि तालुक्याची कार्यालयं मिळून आमची दोनशे चौदा माणसं. त्यांची सेवापुस्तकं, पगार, रजा, भविष्य निर्वाह निधी, जात पडताळणीची प्रमाणपत्रं, विभागीय चौकश्या, वैद्यकीय देयकं, नामनिर्देशनं, कुणाच्या पगारातून कोर्टाच्या आदेशाने पोटगी कापली जाते आणि कुणाच्या पगारावर पतसंस्थेची जप्ती आहे, सगळं आमच्या एका कपाटात. घरच्यांना ठाऊक नसतं ते आस्थापनेच्या लिपिकाला ठाऊक असतं. मी रुजू झाले त्या दिवशी आमच्या हेडक्लार्कनी, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, माझ्या हातात त्या कपाटाची किल्ली दिली आणि सांगितलं, "बाई, कुलूप लावून ओढून बघितल्याशिवाय चहालासुद्धा उठायचं नाही." एकोणतीस वर्षं मी ते पाळलं.

मग मार्च २०२० आला. रविवारी २२ तारखेला जनता कर्फ्यू, सोमवारी राज्यात संचारबंदी, मंगळवारी रात्री देशभर टाळेबंदी. सरकारी कार्यालयांतली उपस्थिती पाच टक्क्यांवर आली. पगाराची देयकं मात्र थांबवता येत नव्हती. त्यातच महिनाअखेरीला शासनाने जाहीर केलं की मार्चचं वेतन दोन टप्प्यांत मिळेल: गट अ आणि ब ला निम्मं, गट क ला पंचाहत्तर टक्के, गट ड ला पूर्ण. म्हणजे हिशेब पुन्हा नव्याने. साहेबांचा फोन आला, "मॅडम, पासची व्यवस्था करतो. एकदा येऊन लागेल ते घेऊन जा आणि घरूनच बघा. शिपायांचे पगार अडकता कामा नयेत."

मी गेले. रिकाम्या रस्त्यावर दोनदा पोलिसांनी अडवलं, पास बघून सोडलं. टेबलाच्या खणात माझाच एक सोळा जीबीचा पेनड्राइव्ह होता. घरी नेमकं काय लागेल याचा अंदाज नव्हता, म्हणून संगणकावरचं आस्थापनेचं अख्खं फोल्डर त्यावर घेतलं. दोनशे चौदा माणसांचे आधार क्रमांक, पॅन, बँकेची खाती, सेवापुस्तकांची स्कॅन केलेली पानं, वैद्यकीय देयकं. नंतर सवयीने कपाटाला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून घरी आले. त्या क्षणी मला काहीच खटकलं नाही, हे मला आजही टोचतं.

आमचं घर दोन खोल्यांचं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. लॅपटॉप मुलाचा. तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, सकाळी त्याचे ऑनलाइन वर्ग, दुपारी आणि रात्री माझं काम. त्या लॅपटॉपवरचं विंडोज परवान्याचं नव्हतं, कॉलेजातल्या कुणी मित्राने टाकून दिलेलं होतं. अँटीव्हायरसची मुदत कधीच संपलेली. पासवर्ड घरातल्या सगळ्यांना माहीत, शेजारच्या मुलालाही, कारण तो खेळायला यायचा. वेतनाची सेवार्थ प्रणाली मी त्यावर उघडत होते, आणि सारखं सारखं टाइप करायला नको म्हणून पासवर्ड ब्राउझरमध्ये जतन करून ठेवला होता.

काम मात्र झालं, हे ठामपणे सांगते. एकाही माणसाचा पगार त्या काळात आमच्या शाखेमुळे अडला नाही. कोविडच्या कामावर असताना कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला तर कुटुंबाला पन्नास लाखांचं सानुग्रह साहाय्य देण्याचा निर्णय शासनाने २९ मे २०२० ला घेतला. आमचे एक वाहनचालक त्यानंतर काही आठवड्यांनी गेले. त्यांच्या पत्नीला सही करता येत नव्हती, अंगठा होता. तो प्रस्ताव मी आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर रात्री अकरानंतर बसून तयार केला. सासूबाईंना औषध देऊन, मुलाकडून लॅपटॉप मागून घेऊन. कार्यालय उघडण्याची वाट बघत बसले असते तर त्या बाईला आणखी किती महिने थांबावं लागलं असतं, सांगता येत नाही. घरून काम करणारे सरकारी नोकर आराम करतात, असं लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता चूक. जुलैच्या पावसात वीज गेली-आली आणि लॅपटॉप बंद पडला. मुलाने तो दुरुस्तीच्या दुकानात दिला. दोन दिवसांनी आम्ही आणायला गेलो तर दुकानातला मुलगा चांगुलपणाने म्हणाला, "काकू, काळजी करू नका, हार्ड डिस्क जायला आली होती, नवीन टाकली. जुन्यातला सगळा डेटा आधी आमच्याकडे काढून घेतलाय, कधी गेला तर इथं मिळेल." मी जागच्या जागी उभी राहिले. त्याच्या दुकानातल्या संगणकावर, गेम आणि सिनेमांच्या शेजारी, दोनशे चौदा घरांची माहिती पडलेली होती. मी त्याला ती पुसायला लावली. माझ्या डोळ्यांदेखत त्याने ती पुसली. पण पुसलेलं खरंच पुसलं गेलं का, दुसरी प्रत होती का, हे कळण्याइतकं ज्ञान मला नव्हतं. जुनी डिस्क मागून घेतली आणि घरी आणली. कार्यालयात मी हे कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता: कुणाच्या परवानगीने नेलं? परवानगी फोनवर मिळाली होती. तिची कुठे नोंद नव्हती.

दुसरी चूक मोठी आहे. ऑगस्टमध्ये एका सहकाऱ्यांचं वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचं देयक आलं होतं. त्यांच्या मुलावर मनोविकाराचे उपचार चालू होते. डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांची टिपणं, औषधांच्या पावत्या, सगळ्यांवर मुलाचं नाव आणि आजाराचं नाव. एका पावतीची तारीख जुळत नव्हती, ती लेखा शाखेतल्या बाईंना विचारायची होती. मी मोबाईलवर फोटो काढले आणि पाठवले. ते त्या बाईंना गेले नाहीत, कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले. त्यात साठ-पासष्ट माणसं होती: शिपाई, चालक, कंत्राटी ऑपरेटर, दोन बदलून गेलेले, तिघं निवृत्त झालेले. कळलं तेव्हा सात-आठ मिनिटं झाली होती. मी ते सगळ्यांसाठी काढून टाकले. तोवर ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं होतं.

ते सहकारी मला एक शब्द बोलले नाहीत. मी घरी जाऊन त्यांची माफी मागितली, त्यांच्या पत्नीने चहा केला. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकही वैद्यकीय देयक सादर केलं नाही. पत्नीचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, तो खर्चही त्यांनी स्वतःच्या खिशातून केला. जे त्यांच्या हक्काचं होतं ते त्यांनी सोडून दिलं, कारण कागद पुन्हा आमच्या शाखेतून जाणार होता. हे पत्र लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, लिहा, नाव तेवढं घालू नका. म्हणून मीही माझं नाव छापू नये अशी विनंती करते आहे. माझ्यावरून त्यांना ओळखणं अवघड नाही.

माहिती फुटणं म्हटलं की वर्तमानपत्रात कोट्यवधींचे आकडे येतात, परदेशातल्या हल्लेखोरांच्या बातम्या येतात. त्या खऱ्याच असतात. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेवर हल्ला झाला आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सची संगणक यंत्रणा अशीच बंद पडली आणि देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकात कित्येक दिवस कागद-पेनावर नोंदी कराव्या लागल्या. पण माझ्यासारखीच्या हातून जी माहिती जाते ती कुठल्या बातमीत येत नाही. ती एका घराच्या उंबरठ्यावर येऊन थांबते आणि तिथल्या माणसांना पुढे आयुष्यभर तिच्यासोबत राहावं लागतं.

आता पत्रलेखकांच्या मुद्द्याकडे येते. त्यांचं म्हणणं, माणूस कार्यालयात असला की माहिती कार्यालयात राहते. महोदय, तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप टाळेबंदीत तयार झालेला नव्हता. तो आम्ही २०१६ मध्ये कार्यालयात बसून तयार केला होता, कारण वरून माहिती 'तात्काळ' मागवली जायची आणि टपालाने पाठवायला वेळ नसायचा. तक्ता दुपारी दोनला मागवायचा आणि चारला हवा असायचा. अशा वेळी शासकीय ईमेल कुणाला आठवतो? तालुक्याच्या लिपिकाला तो मिळालेलाच नव्हता. कार्यालयाचा एक खासगी जीमेल होता. त्याचा पासवर्ड गेल्या सहा वर्षांतल्या प्रत्येक कंत्राटी ऑपरेटरला माहीत होता. त्यातला एक नंतर शहरातल्याच एका कर सल्लागाराकडे कामाला लागला. पासवर्ड बदलला नव्हता.

आणि साहेबांचं लॉगिन. साहेब दौऱ्यावर, बैठकीत, व्हिडिओ कॉन्फरन्सवर. प्रणालीत मंजुरीचं बटण साहेबांनी दाबायचं असतं. प्रत्यक्षात ते ऑपरेटर दाबतो आणि ओटीपी साहेब फोनवर सांगतात. डिजिटल सहीचं डोंगल ऑपरेटरच्याच संगणकाला महिनोन् महिने लावलेलं असतं, त्याचा पिन मॉनिटरच्या मागे कागदाच्या चिठ्ठीवर. ही एका कार्यालयाची गोष्ट नाही. ज्यांनी सरकारी कार्यालयात नोकरी केली आहे त्या वाचकांनी मनाशी आठवून बघावं. हा ऑपरेटर कोण असतो? बाह्यस्रोताकडून अकरा महिन्यांच्या करारावर आलेला, बारा-पंधरा हजारांवर राबणारा मुलगा किंवा मुलगी. सगळ्यांत नाजूक माहिती त्याच्या बोटांखालून जाते आणि त्याच्या नावाचं स्वतःचं लॉगिन नसतं. उद्या काही झालं तर नोंदीत साहेबांचं नाव दिसणार आणि चौकशीत या मुलाचं. त्या मुलांविषयी माझ्या मनात तक्रार नाही, उलट त्यांच्यावर हा बोजा टाकणं अन्याय आहे असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट सांगते, जी कुणाच्या लक्षात येत नाही. शासनाच्या बहुतेक संकेतस्थळांवर पीडीएफ किती मोठी चढवता येईल याची मर्यादा असते. कुठे २०० केबी, कुठे ५००. सेवापुस्तकाची पानं स्कॅन केली की ती काही एमबीत जातात. फाइल लहान करायचं साधन शासनाने दिलेलं नाही. मग लिपिक काय करतो? गूगलवर शोधतो आणि जे पहिलं फुकट संकेतस्थळ सापडेल त्यावर ते पान चढवतो, लहान करून उतरवून घेतो. ते संकेतस्थळ कुठल्या देशातलं, कागद त्यांच्याकडे किती दिवस राहतो, कोण जाणे. हे कार्यालयात बसून, सरकारी संगणकावर, साहेबांच्या समोर घडतं. स्कॅनिंगचंही तेच. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅप बंद केली, त्यात कॅमस्कॅनर होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या शाखेत सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. तोवरचा जवळजवळ प्रत्येक कागद आम्ही त्यातूनच पाठवला होता.

म्हणून माझं म्हणणं आहे की माणूस घरी गेला हे दुखणं नाही. माणूस घरी जाण्याच्या कितीतरी आधी माहिती बाहेर गेलेली होती. टाळेबंदीने ते फक्त उघडं पाडलं.

नियम नाहीत असंही नाही. १६ एप्रिल २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने सांगितलं की झूम सुरक्षित नाही आणि सरकारी अधिकाऱ्यांनी ते शासकीय कामासाठी वापरू नये. मे २०२० मध्ये केंद्राच्या कार्मिक विभागाने घरून कामाचा एक मसुदा काढला. वर्षातून पंधरा दिवस घरून काम करण्याची मुभा, कर्मचाऱ्याला शासकीय लॅपटॉप, सुरक्षित जोडणी, आणि गोपनीय फायली घरून हाताळायच्या नाहीत, असं त्यात होतं. मी तो वाचला तेव्हा मला बरं वाटलं, कुणीतरी नीट विचार केलाय असं वाटलं. पण तो केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी होता आणि तोही मसुदा. मग जून २०२२ मध्ये एनआयसीच्या, म्हणजे सरकारची संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, सूचना आल्या: शासकीय कागद गूगल ड्राइव्ह-ड्रॉपबॉक्सवर ठेवू नका, मोबाईलवरच्या बाहेरच्या स्कॅनर अ‍ॅपने स्कॅन करू नका, पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदला. सगळ्या सूचना योग्य. त्या इंग्रजीत होत्या, आणि मला त्या एका ग्रुपवर फॉरवर्ड होऊन मिळाल्या. आमच्या शाखेतल्या सात जणांपैकी दोघांनी त्या वाचल्या. त्यांतही 'हे करू नका' असं सांगितलेलं होतं, पण मग दुपारी दोनला मागवलेला तक्ता चारला कशाने पाठवायचा, हे आम्हाला कुणी दाखवलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी आणि डीपसीकसारखी साधनं वापरू नका असं परिपत्रक काढलं. माझ्या जागेवर आलेली मुलगी मला परवा सांगत होती की टिप्पणीचा मसुदा ती मोबाईलवर त्याच साधनाकडून करून घेते. तक्रारदाराचं नाव, गाव, तक्रार, सगळं त्यात टाकते. तिला दोष कसा देऊ? तिच्या टेबलावर तीन माणसांचं काम आहे, दोन पदं रिक्त आहेत.

ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. अडीचशे कोटींपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे म्हणून बातम्या झाल्या. मी कायद्याची जाणकार नाही, पण इतकं वाचलं आहे की शासनाच्या यंत्रणांना अधिसूचना काढून त्यातून सूट देण्याची वाटही त्यात ठेवली आहे. नागरिक आपली माहिती बँकेला देतो तेव्हा त्याला दुसरी बँक शोधता येते. रेशनकार्डासाठी, सातबाऱ्यासाठी, पेन्शनसाठी दुसरं सरकार शोधता येत नाही. कुणाकडे सर्वांत जास्त जबाबदारी हवी? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, तो त्या मुलाचाही हक्क होता, ज्याचं डिस्चार्ज कार्ड माझ्या हातून ग्रुपवर गेलं.

अशा वेळी घरून काम बंद करा म्हणणं सोपं आहे. त्याने कुणाचं नुकसान होईल ते सांगते. अंथरुणाला खिळलेली सासू किंवा आई असलेल्या बायकांचं. दिव्यांग कर्मचाऱ्यांचं, ज्यांना जिन्यांच्या इमारतीत रोज चढउतर करावी लागते. राज्य शासनाने २०१८ मध्ये बालसंगोपनासाठी १८० दिवसांची रजा दिली, चांगलं केलं, पण रजेवर गेलेल्या बाईचं काम दुसऱ्याच्या टेबलावर जातं आणि परत आल्यावर तिला टोमणे ऐकावे लागतात. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता आलं असतं तर आमच्या शाखेतल्या एका हुशार मुलीने स्वेच्छानिवृत्ती घेतली नसती. तिला देयकांमधली त्रुटी नजरेने कळायची. तशी माणसं तयार व्हायला दहा वर्षं लागतात.

मला हवं आहे ते फार नाही. ज्या पदावरच्या माणसाकडून घरून काम अपेक्षित आहे, त्या पदासोबत यंत्र, म्हणजे सरकारी लॅपटॉप, द्या. टेबल-खुर्ची पदासोबत येते तसं. बदली झाली की त्याने कार्यभारासोबत यंत्रही हस्तांतरित करावं, यादीवर सही करून. त्या यंत्रावर शासनाचं परवान्याचं विंडोज, शासनाची सुरक्षित जोडणी आणि पेनड्राइव्हची जागा बंद असावी. आमच्याकडे पाटणच्या डोंगरातून येणारा एक लिपिक टाळेबंदीत नेटवर्कसाठी गच्चीवर बसून काम करायचा, त्यालाही लागू होईल अशी व्यवस्था हवी, नाहीतर तो पुन्हा शेजाऱ्याच्या वायफायवर जाईल. प्रत्येक लिपिकाला, कंत्राटीलासुद्धा, त्याच्या स्वतःच्या नावाचं लॉगिन आणि शासकीय ईमेल द्या. तो नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी ते बंद करा. फाइल लहान करायचं आणि स्कॅन करायचं साधन संकेतस्थळातच बसवा. एखाद्या संगणक अभियंत्याला हे काही दिवसांचं काम असेल, आणि त्याने लाखो कागद परदेशी संकेतस्थळांवर जायचे थांबतील. वैद्यकीय देयकाच्या मूळ कागदावर आजाराचं नाव लिहिलेलं असतं, ते जिल्हा शल्य चिकित्सकांनी आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने बघावं. रकमेची बेरीज तपासणाऱ्या लिपिकाला ते दिसायची गरज नाही.

आणि एक माणूस द्या, जिल्ह्यात एक तरी, ज्याला रात्री अकरा वाजता फोन करून सांगता येईल की माझ्या हातून असं झालंय, काय करू. मराठीत सांगता येईल. एप्रिल २०२२ च्या केंद्राच्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची असते. मी दुरुस्तीच्या दुकानातून घरी आले तेव्हा हे निर्देश यायचे होते, पण पहिल्या सहा तासांपैकी एकही तास मी कळवण्यासाठी वापरला नाही. मी ते तास भीतीत घालवले. वर्तणूक नियम आठवले, वेतनवाढ रोखणं आठवलं, निवृत्तीला उरलेली तीन वर्षं मोजली. वेळेत सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, लपवणाऱ्याला होईल, इतकं एक वाक्य शासन निर्णयात असतं तर मी त्याच संध्याकाळी साहेबांना फोन केला असता. दुकानातल्या त्या संगणकाकडे कुणीतरी जाणकार माणूस जाऊन आला असता. त्या दोनशे चौदा जणांना कळवता आलं असतं. त्यांना अजूनही माहीत नाही. त्यांतले काही जण हे पत्र वाचतील.

आमच्या कार्यालयांत सहा गठ्ठा पद्धत असते, वाचकांपैकी पुष्कळांना माहीत असेल. चालू प्रकरणं, प्रतीक्षेतली प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद, आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. कुठला कागद कायम ठेवायचा, कुठला तीस वर्षं, कुठला दहा, कुठला वर्षभर, हे अ, ब, क, ड वर्गांनी ठरलेलं. नष्ट करतानाही यादी होते, त्यावर सही होते. राज्याचा २००५ चा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा आहे. कागदाची काळजी घ्यायला आम्हाला कुणीतरी नीट शिकवलं होतं. पेनड्राइव्हवरच्या फोल्डरला वर्ग नाही, गठ्ठा नाही, मुदत नाही, नष्ट करायची यादी नाही.

दुकानातून आणलेली ती जुनी हार्ड डिस्क अजून माझ्या कपाटात आहे, आणि तो सोळा जीबीचा पेनड्राइव्हही. निवृत्तीच्या वेळी मी किल्ल्या, शिक्के, ओळखपत्र, ग्रंथालयाची पुस्तकं, सगळं जमा केलं आणि ना-देय प्रमाणपत्र घेतलं. त्या यादीत या दोन वस्तूंसाठी रकाना नव्हता. गेल्या दिवाळीनंतर मी कार्यालयात जाऊन विचारून आले. त्यांनी आदराने बसवलं, चहा दिला, आणि सांगितलं की मॅडम, हे जमा करून घ्यायची काही तरतूद नाही, तुम्हीच फोडून टाका. फोडायला मन होत नाही, कारण त्यात एका वाहनचालकाच्या पत्नीच्या अंगठ्याचा कागद आहे आणि त्या मुलाचं डिस्चार्ज कार्ड आहे. ते नष्ट करायचं तर दोन साक्षीदारांसमोर, यादी करून, नोंद ठेवून व्हायला हवं. संबंधित विभागातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयाकडून माझा पत्ता घ्यावा. कुठे आणि कुणाकडे द्यायचं ते सांगितलं की मी दुसऱ्या दिवशी घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक, सातारा
(नाव आणि पत्ता संपादकांकडे दिला आहे.)